परसात सफरचंद लावायचे आहे? आधी थंडीचा हिशेब करा

“आपल्या तिगावात सफरचंद होईल का हो?” हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानावर येतो. हिवाळा लागला की रोपे विकणारे गावोगाव फिरतात. त्यांच्याजवळ रंगीत चित्रे असतात. त्यांत लाल फळांनी वाकलेले झाड आणि त्याखाली उभा असलेला हसरा शेतकरी दिसतो. संत्र्याच्या फळगळीने आणि पडलेल्या भावाने कंटाळलेला माणूस ते चित्र पाहून विचारात पडतो. काही जण तर जुना बगीचा काढून तेथे सफरचंद लावण्याची भाषा करू लागले आहेत. म्हणून या पानावर या विषयाची थोडी सविस्तर माहिती देत आहोत.

उत्तर आधीच सांगून टाकू. होईल, पण प्रत्येक जातीचे होणार नाही. आणि परसात दोन झाडे लावणे ही एक गोष्ट, एक एकर लावणे ही अगदीच वेगळी गोष्ट. असे का, ते समजून घ्यायचे तर प्रथम झाडाचा स्वभाव पाहिला पाहिजे.

सफरचंद हे थंड मुलखातले झाड. हिवाळा आला की ते पाने टाकून झोपी जाते, आणि ही झोप पुरी झाल्याशिवाय नीट जागे होत नाही. झोप मोजण्याची शास्त्रज्ञांची एक साधी रीत आहे. पारा सुमारे ७ अंशांच्या खाली असतो असे तास हिवाळाभर मोजायचे. सिमल्याकडच्या डेलिशस जातीच्या झाडांना असे हजार-बाराशे तास लागतात. ते मिळाले नाहीत तर वसंतात झाड अर्धवट जागे होते. फांदीच्या टोकाला चार पाने फुटतात, मधली फांदी उघडी राहते, फुले येतात ती एक आज तर दुसरे महिन्याने. फळ धरण्याची तर गोष्टच सोडा.

संत्र्याचा बगीचा करणाऱ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. आंबिया बहारासाठी आपण डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतो, झाड ताणावर ठेवतो, पाने मलूल होऊन थोडी गळू लागली की पाणी सोडतो आणि मग फुलोरा येतो. संत्र्याला विसावा तहानेने मिळतो, सफरचंदाला तो थंडीने मिळतो. फरक एवढाच की पाणी तोडणे आपल्या हाती आहे; थंडी काही विहिरीवरच्या मोटारीने चालू-बंद करता येत नाही.

आता आपली थंडी किती? तिगाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. घाट चढून मुलताईकडे गेले की गारठा वाढतो, हे रेल्वेने जाणाऱ्यालाही कळते. आपल्याकडे मात्र पौषातल्या काही रात्रीच पारा १० अंशांच्या खाली जातो, आणि ७ च्या खाली क्वचितच, तोही पहाटेचे दोन-चार तास. शिवाय सकाळचे दहा वाजले की ऊन तापते, आणि दिवसाचे तापलेले ऊन रात्री जमलेली थंडी पुसून टाकते. तेव्हा हजार तासांची जात येथे लावणे म्हणजे रोपाचे पैसे विहिरीत टाकणे होय. बाजारातून आणलेल्या काश्मिरी किंवा सिमल्याच्या सफरचंदाची जात कोणी “हीच तुमच्याकडे लागेल” म्हणून देऊ लागला, तर त्याला नम्रपणे परत पाठवावे.

आपली अडचण थंडी कमी असण्याची आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात, नेमकी उलटी अडचण होती. तेथे नव्याने वस्ती करणाऱ्या शेतकऱ्यांना परसात सफरचंद हवे होते. पण हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरे आणि मोठ्या सफरचंदाची झाडे खोडापासून मरून जात. त्यातून झाड वाचलेच, तर उन्हाळा इतका तोकडा की फळ पिकण्याआधी दहिवर गोठून पहिला बर्फ पडायचा. या दोन संकटांतून वाट दाखवली ती एका क्षुल्लक वाटणाऱ्या रानफळाने.

त्याला क्रॅब ॲपल म्हणतात. आपण रानसफरचंद म्हणू. ज्या सफरचंदाचे फळ दोन इंचांहून लहान, त्याला हे नाव देण्याची तिकडे रीत आहे. यातली सायबेरियाची जात तर बोराहूनही लहान फळांची, आंबट आणि तुरट. पण झाड असे चिवट की सायबेरियाच्या थंडीत ते मुकाट्याने उभे राहते. हेच रानझाड आपल्या हिमालयातही उगवते. हिमाचलात त्याच्या रोपांवर चांगल्या जातीची कलमे बांधतात, जसे आपण जंबेरीवर संत्र्याचे डोळे भरतो. काही जातींची रानसफरचंदे तेथील बागांत केवळ परागासाठी ठेवतात. फुलोऱ्याच्या दिवसांत त्यांच्या फुललेल्या फांद्या तोडून पाण्याच्या पिशवीत खोचतात आणि मोठ्या झाडांवर टांगतात. पुढचे काम मधमाशा करतात.

अमेरिकेतील दक्षिण डाकोटाच्या शेतकी महाविद्यालयात नील्स हॅन्सन नावाचे प्राध्यापक होते. ते १८९७ साली अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यातर्फे रशियात गेले. थंडी सोसणारी पिके आणि फळझाडे शोधून आणणे हे त्यांचे काम. रशियाकडून आलेल्या रानसफरचंदाच्या बियांची रोपे त्यांनी वाढवली, त्यांतून एक निवडले आणि १९१७ साली ते लोकांना दिले. त्याचे नाव डोल्गो. रशियन भाषेत याचा अर्थ लांब. फळ जरा लांबट, गडद लाल आणि दीड इंचाचे असते. झाड कितीही थंडी पडली तरी टिकते, आणि फळ ऑगस्टअखेरीस तयार होते, म्हणजे बर्फ येण्याच्या पुष्कळ आधी. खायला आंबट, पण त्याची जेली अशी लालचुटूक होते की उत्तरेकडच्या कित्येक घरांत अजून हे एक झाड परसात असतेच.

येथे कोणी विचारील, मग आपण डोल्गोच का लावू नये? लावू नये, कारण ते थंड मुलखासाठी निवडलेले झाड आहे. आपल्याकडे ते काठीसारखे उभे राहण्याची भीती आहे. पण या झाडाच्या कहाणीतून आपल्या कामाची एक गोष्ट मिळते. हॅन्सन यांच्या झाडाने दोन प्रश्नांची उत्तरे दिली: आमच्या हिवाळ्याशी याचे जमते का, आणि वाईट दिवस येण्याआधी याचे फळ घरात येते का. कोणत्याही जातीला हेच दोन प्रश्न विचारायचे. पहिल्याबद्दल सगळे बोलतात. दुसरा बहुतेक जण विसरतात.

आपले वाईट दिवस कोणते? बर्फ नाही, पण गारपीट आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात गारांनी काय केले ते शेतकरी विसरलेला नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. जूनच्या मध्यास पाऊस येतो, आणि पाऊस आला की पिकलेल्या फळात माशी, बुरशी आणि सड शिरते. हिमाचलच्या जाती ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात. असे फळ आपल्या श्रावणात झाडावर लटकलेले कल्पून पहा! तेव्हा आपल्याला असे झाड हवे की जे थोड्या थंडीत, जवळजवळ थंडीवाचूनच, जानेवारी-फेब्रुवारीत फुलेल आणि मृगाचा पाऊस स्थिरावण्याच्या आत मोकळे होईल. म्हणजे उत्तरेकडच्यांप्रमाणे आपल्यालाही लवकर पिकणारीच जात हवी. त्यांना बर्फाच्या आधी, आपल्याला पावसाच्या आधी.

अशा जाती आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध ॲना. ही इस्राएलमध्ये, एन शेमेर येथील सामुदायिक वस्तीवर, अब्बा स्टाइन यांनी तयार केली. तेथील उष्ण हवेत चालणाऱ्या एका जातीचा गोल्डन डेलिशसशी संकर करून ती मिळाली. फळ लांबट, एका अंगाने लाल, गोड-आंबट. दुसरी डॉर्सेट गोल्डन. ही बहामा बेटांवर, जेथे हिवाळा नावापुरताच असतो, एका बाईंच्या परसात सापडली. फळ पिवळे. या दोन्ही जाती एकमेकींच्या शेजारी लावाव्या लागतात, कारण ॲनाला परक्या जातीचा पराग मिळाला तरच तिची फळधारणा चांगली होते. विकणारा एकाच जातीची दोन रोपे देऊन “जोडी झाली” म्हणेल. ती जोडी नव्हे.

तिसरी जात आपल्याच देशातली. हिमाचल प्रदेशाच्या बिलासपूर जिल्ह्यात पनियाला नावाचे गाव आहे. हा जिल्हा डोंगराच्या खालच्या अंगाला, आंबा-लिंबूवर्गीय फळांच्या हवेचा. तेथे सफरचंद होत नाही अशीच सर्वांची समजूत होती. तेथील शेतकरी हरिमन शर्मा यांनी १९९८ च्या सुमारास खाल्लेल्या सफरचंदांच्या बिया परसात टाकल्या. त्यातले एक रोप तगले आणि २००१ साली त्याला फळ आले. शर्मांनी त्याची कलमे केली आणि पुढे ती जात एचआरएमएन-९९ या नावाने देशभर गेली. गुजरातेतील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने तिची रोपे अनेक राज्यांत लावून पाहिली. २०२५ साली शर्मांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातही नाशिक-सोलापूरकडच्या काही शेतकऱ्यांनी ही झाडे लावून फळे घेतली आहेत.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. शर्मांच्या परसात जे झाले ते लाखात एखादे. सफरचंदाची बी आईसारखे झाड देत नाही; प्रत्येक बी नवे झाड, आणि बहुतेक निरुपयोगी. मुलांना गंमत म्हणून बी लावायची असेल तर ती ओल्या फडक्यात गुंडाळून दोन-अडीच महिने फ्रिजमध्ये ठेवावी. ही थंडी मिळाल्यावर ती उगवते. पण फळासाठी कलमच लावावे.

आता थंडी नसताना झाडाला फुलवण्याची युक्ती. जावा बेटावर मलंग गावाजवळ बातू येथे, विषुववृत्ताच्या अगदी जवळ, डच लोकांच्या वेळेपासून सफरचंदाच्या बागा आहेत. तेथे हिवाळा नाहीच. तेथील शेतकरी फळ उतरल्यावर महिन्याभराने झाडाची सगळी पाने हाताने ओरबाडून काढतात. गाढ झोप लागण्याआधीच झाडाला उठवले जाते आणि ते पुन्हा फुलते. अशा रीतीने वर्षातून दोन पिके निघतात. आपल्याकडे दोन पिकांचा हव्यास नको. पण कमी थंडीच्या जातींची पाने आपल्या हवेत पुष्कळदा आपोआप गळत नाहीत. ती डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या आरंभी हाताने काढावी, त्याआधी पंधरा दिवस पाणी कमी करावे, वाळक्या आणि एकमेकींत शिरलेल्या फांद्या छाटाव्या, आणि मग पाणी व शेणखत द्यावे. बहार एकदम यायला याचा उपयोग होतो.

लागवडीविषयी. रोपे डिसेंबर-जानेवारीत लावतात. आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. सफरचंदाच्या मुळांना हे मुळीच मानवत नाही. पावसाळ्यात पाणी तुंबणारी जागा टाळावी, मुरमाड उताराची जागा असेल तर ती घ्यावी. काळ्याच जमिनीत लावायचे तर हात-दीड हात उंच वरंबा करून त्यावर लावावे. कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर राहिला पाहिजे. संत्र्याला डिंक्या लागतो तसा येथेही बुंधा सडतो, आणि कारणही तेच: बुंध्याला लागलेले पाणी. म्हणून दुहेरी आळे करावे, पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे, आणि पावसाळ्यापूर्वी बुंध्याला बोर्डोचा मलम लावावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, हे प्रमाण बगीचेवाल्यांना पाठच आहे.

खरी परीक्षा पहिल्या दोन उन्हाळ्यांत. रोपाला पश्चिमेकडून तुराट्यांचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा करावा. आळ्यात सोयाबीनचे कुटार किंवा वाळके गवत चार बोटे जाड पसरावे, पण बुंध्याला चिकटू देऊ नये; वाळवी येते. पहिल्या वर्षी फूल आले तर खुडून टाकावे. जीव जळतो खरा, पण झाड आधी उभे राहिले पाहिजे. पुढेही प्रत्येक घोसात एक-दोनच फळे ठेवावी. जास्त ठेवली तर सगळीच लिंबाएवढी राहतात आणि मे महिन्याच्या उन्हात एका अंगाने भाजतात. माकडे आणि पोपट यांच्याविषयी काय सांगावे! दोन झाडांवर जाळी टाकता येते. तीनशे झाडांवर टाकणे कठीणच.

संत्र्याच्या ओळींत मधेमधे सफरचंद लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. मृग बहार घेणारा बगीचा एप्रिल-मेमध्ये ताणावर असतो. नेमके त्याच वेळी सफरचंदाच्या झाडावर फळ पोसत असते आणि त्याला दर तीन-चार दिवसांनी पाणी हवे असते. एकाला उपाशी ठेवायचे आणि दुसऱ्याला पाजायचे, हे एका आळ्याच्या अंतरावर साधत नाही. आंबियाच्या बगीच्यात ही अडचण कमी, पण तेथे दुसरी येते. दोन्ही झाडे एकाच सुमारास फुलतात. संत्र्यावर कीडनाशक फवारले की सफरचंदावर येणारी मधमाशीही मरते, आणि मधमाशीवाचून ॲना-डॉर्सेटची जोडी नुसती शोभेची. फुलोऱ्यात फवारणी टाळावीच. अगदी गरज पडली तर सूर्यास्तानंतर करावी.

एकराचा हिशेबही एकदा करून पहा. बारा-बारा फुटांवर एकरी सुमारे तीनशे रोपे बसतात. रोप दीडशे रुपयांना पडले असे धरले, तरी नुसत्या रोपांचे ४५,००० रुपये झाले. खड्डे, आडोसा, जाळी, ठिबक, मजुरी वेगळी. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत उत्पन्न जवळजवळ नाही. आणि फळ आले तर ते जूनमध्ये एकदम येते, घरातल्या हवेत आठवड्याहून फार टिकत नाही, आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर शीतगृहातले चकचकीत काश्मिरी फळ असते. संत्र्याला पांढुर्णा-नागपूरची बाजारपेठ पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ट्रकवाला, पेटीवाला, दलाल सगळे ओळखीचे. गावच्या सफरचंदाला यांतले काहीच तयार नाही. फळ देणारा संत्र्याचा बगीचा काढून त्या जागी सफरचंद लावणे आमच्या मते आज अविचाराचे होईल. ज्याला हौस आहे त्याने परसात किंवा विहिरीजवळ दोन-तीन झाडे लावावी. तीन बहार नीट पाहावे, किती फळे धरली, किती भाजली, पावसाआधी उतरली की नाही हे वहीत लिहून ठेवावे, आणि मगच एकराचे बोलावे. अधिक माहिती हवी असल्यास छिंदवाड्याला चंदनगाव येथे कृषी संशोधन केंद्र आहे. संत्र्याच्या रोगाबद्दल नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे. रोपे घेण्याआधी तेथे विचारलेले बरे. आणि रोपांची पावती, जातीच्या नावासह, अवश्य घ्यावी.

आरोग्याच्या दृष्टीने दोन शब्द. आपल्याकडे सफरचंद हे आजाऱ्याचे फळ. इस्पितळात कोणाला पाहायला जायचे तर पिशवीत चार सफरचंदे हवीतच, मग घरी मुलांना दूध कमी पडले तरी चालेल! सफरचंद चांगले फळ आहे. त्यातला मऊ चोथा पोटाला मानवतो. पण शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व जेमतेम ५ मिलिग्रॅम असते. तेवढ्याच संत्र्यात ते सुमारे ५०, आणि पेरूत २०० च्या वर. म्हणजे आजाऱ्यासाठी उधारीवर सफरचंदे आणणाऱ्याच्या अंगणातच त्याहून बरे फळ गळून पडत असते. साध्या आजारातून उठणाऱ्याला सोललेले संत्रे किंवा पिकलेला पेरू द्यायला काहीच हरकत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. हगवण लागलेल्या मुलाला सफरचंद उकडून देण्याची चाल आहे. ते द्यावे, पण आधी मीठ-साखरेचे पाणी किंवा दवाखान्यातली जीवनरक्षक पुडी, फळ त्यानंतर. बिया मात्र वाटून कोणाला देऊ नयेत. त्यांत थोडा विषारी अंश असतो. चुकून एखादी गिळली तर घाबरण्याचे कारण नाही.

परसातल्या झाडाखाली वाऱ्याने पडलेली कच्ची, आंबट फळे फेकू नका. डोल्गोची जेली उत्तरेकडच्या बायका ज्या रीतीने करतात, तीच रीत यांना चालते, आणि आपल्या कवठाला व आंबट पेरूलाही. फळे धुऊन, सडका भाग काढून, सालीसकट फोडी कराव्या. बुडतील इतके पाणी घालून मऊ शिजवाव्या. स्वच्छ फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवाव्या. पिळू नये, पिळले की जेली गढूळ होते. सकाळी जमलेला रस मोजावा, चार वाट्या रसाला तीन वाट्या साखर घालावी, फळ फार आंबट नसेल तर एका लिंबाचा रस, आणि मोठ्या आचेवर उकळावे. थंड बशीत एक थेंब टाकून पाहावा. बोटाने सरकवल्यावर त्यावर सुरकुती पडली की उतरवावे आणि उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बरणीत गरम असतानाच भरावे. नीट झाकण लावून ठेवलेली बरणी सगळा पावसाळा टिकते. उघडल्यावर कोरडा चमचा वापरावा.